थाळी स्वस्त, खुर्ची महाग : दिल्लीत आलेल्या पाहुण्यांना जेवायला न्यायचे कुठे?

उत्तर दिल्लीतील हिंदूराव परिसरात अन्नाची वानवा नाही. हिंदूराव रुग्णालयाच्या आसपास छोले-कुलचे आणि राजमा-भाताच्या हातगाड्या आहेत, जवळच्या कमला नगर बाजारात छोले-भटुऱ्यांसाठी रांगा लागतात आणि शंभर रुपयांच्या आत एका माणसाचे पोट भरते. मात्र गावाहून आलेले आई-वडील, आजी आणि एखादे लहान मूल अशा चार-पाच जणांना तासभर निवांत बसवून जेवू घालायचे म्हटले, की चित्र पालटते. जिथे दर परवडतो तिथे बसायला जागा नसते आणि जिथे बसायला जागा असते तिथला दर परवडत नाही.

ही अडचण वरवर पाहता किरकोळ वाटते. सुटीच्या दिवशी कुठल्या हॉटेलात जावे, हा वृत्तविश्लेषणाचा विषय कसा, असा प्रश्नही कोणी विचारू शकेल. परंतु हिंदूराव रुग्णालयापासून काही किलोमीटरांच्या परिघात दिल्ली विद्यापीठाचा उत्तर परिसर आहे आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी देशभरातून येणाऱ्या तरुणांचे मुखर्जी नगर आहे. त्यांत महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांची संख्याही मोठी आहे. या मुलामुलींच्या खोल्या एक पलंग, एक टेबल आणि एक कपाट मावेल एवढ्याच असतात. अनेक वसतिगृहांत आणि ‘पीजी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवासांत पाहुण्यांना खोलीपर्यंत येऊ दिले जात नाही. वर्ष-दीड वर्षाने भेटणाऱ्या आई-वडिलांशी निवांत बोलायचे, तर त्यासाठी घर नाही आणि ओसरीही नाही. अशा वेळी उपाहारगृहातील टेबल हीच त्या कुटुंबाची बैठकीची खोली ठरते. रुग्णालयात नातेवाईकाला भेटायला आलेल्यांची स्थितीही याहून फारशी वेगळी नसते.

या परिसराचे नाव एका मराठी सरदाराचे आहे, हे येथून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझर यांची १८३५ साली हत्या झाल्यानंतर रिजच्या टेकडीवरील त्यांचा बंगला हिंदूरावांकडे आला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८५७च्या लढ्यात दिल्लीच्या वेढ्याच्या वेळी हीच वास्तू इंग्रजी फौजेचे मोक्याचे ठाणे होती. पुढे तेथे रुग्णालय उभे राहिले. आज ते दिल्ली महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे. सदर बाजारच्या बाजूची ‘बाडा हिंदूराव’ ही वस्तीही याच नावाची. दिल्लीत आलेल्या इंग्रज पाहुण्यांची हिंदूरावांकडे ऊठबस असे. त्यांच्या नावाच्या परिसरात आज मराठी पाहुण्याला पिठले-भाकरी मिळत नाही, ही गोष्ट गमतीची खरी. पण पिठल्यापेक्षा बाकाची उणीव अधिक जाणवते.

परिसरात उपलब्ध असलेले पर्याय पाहिले, की ही उणीव नेमकी कशी आहे ते कळते. कमला नगरमध्ये ‘चाचे दी हट्टी’सारखी प्रसिद्ध दुकाने आहेत. तेथील पदार्थांची ख्याती निर्विवाद आहे. पण तेथे द्रोण हातात घेऊन उभ्याने खायचे असते. गुडघेदुखीने त्रासलेल्या साठीच्या बाईला भर बाजारात उभे ठेवून जेवायला लावणे मुलांना रुचत नाही आणि आईला ते बोलून दाखवता येत नाही. थोडे पलीकडे, गुरू तेग बहादूर नगर मेट्रो स्थानकाजवळ हडसन लेन ही गल्ली आहे. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारे आणि ‘वातावरण’ असलेले कॅफे म्हणून या गल्लीची कीर्ती विद्यापीठभर पसरलेली आहे. रंगवलेल्या भिंती, टांगलेले दिवे, पुस्तकांची फळी, सगळे काही तेथे आहे. मात्र यांतील पुष्कळ कॅफे वरच्या मजल्यांवर आहेत, जिने अरुंद आहेत, संगीताचा आवाज एवढा की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि खाद्यपदार्थांच्या यादीत पास्ता, नाचोज व चिली पोटॅटो यांचेच राज्य असते. वीस वर्षांच्या मित्रांसाठी हे वातावरण उत्तम आहे. सोलापूरहून आलेल्या आजोबांसाठी तेच वातावरण शिक्षा ठरते.

यमुनेच्या काठाजवळचे मजनू का टिला हे तिसरे ठिकाण. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांची ही वसाहत आता दिल्लीकरांचे आवडते भोजनस्थळ बनली आहे. विधानसभा मेट्रो स्थानकावरून ई-रिक्षाने तेथे जाता येते. थुक्पा, मोमो आणि तिबेटी पाव रास्त दरात मिळतात, कॅफे शांत असतात आणि प्रार्थनाचक्रे फिरवणाऱ्या वृद्धांमुळे तेथे वयस्क पाहुण्यांना परकेही वाटत नाही. परंतु गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला थांबावे लागते. शिवाय चातुर्मास पाळणाऱ्या, कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या किंवा जिथे मांस शिजते तिथे पाणीही न पिणाऱ्या ज्येष्ठांना तेथे नेणे कठीण जाते. अशा कुटुंबांना दिल्लीत आधार वाटतो तो इडली-डोशाचा. मुंबई-पुण्यात उडुपी हॉटेलांनी जी सोय केली, तीच दिल्लीत दाक्षिणात्य उपाहारगृहांनी केली. त्यांतील एका मोठ्या साखळीचा उगम तर महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कर्नाटकातील कारकळचे जयराम बनान यांनी पनवेलजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि १९८६ साली दिल्लीच्या डिफेन्स कॉलनीत ‘सागर’ सुरू केले. अशा ठिकाणी जिना, आवाज आणि सोवळे हे तिन्ही प्रश्न बहुधा सुटतात. उरतो तो बिलाचा.

बिलाचे गणित

केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरडोई सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता. दिल्लीत १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगारांचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ७१० रुपये निश्चित करण्यात आले. या दोन आकड्यांच्या शेजारी पाच जणांच्या एका साध्या जेवणाचे बिल ठेवून पाहावे. माणशी ४०० रुपये धरले तर २,००० रुपये होतात. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क लावले तर २०० रुपये, आणि एकूण रकमेवर पाच टक्के वस्तू व सेवा कराचे ११० रुपये. अशा रीतीने २,३१० रुपये झाले. ही रक्कम किमान वेतनावरील कामगाराच्या तीन दिवसांच्या मजुरीहून अधिक आहे आणि शहरातील एका सरासरी माणसाच्या महिन्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा आहे. त्यात मेट्रोचे भाडे मिळवावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये भाडेवाढ झाल्यानंतर पाच ते बारा किलोमीटरच्या प्रवासासाठी ३२ रुपये पडू लागले. पाच जणांच्या जाण्या-येण्याचे त्या हिशेबाने ३२० रुपये होतात. दिल्लीच्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवासाची योजना २०१९ साली सुरू झाली. परंतु २०२५ साली दिल्ली सरकारने या सवलतीसाठी जे ‘सहेली’ स्मार्ट कार्ड जाहीर केले ते दिल्लीच्या रहिवासी महिलांसाठी आहे. पाहुणी म्हणून आलेल्या आईचा त्यात विचार नाही.

या बिलातील २०० रुपये मात्र ग्राहकाच्या इच्छेवर अवलंबून आहेत, हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून उपाहारगृहांनी बिलात आपोआप सेवा शुल्क जोडू नये, असे स्पष्ट केले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. मात्र २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या एकल पीठाने ही तत्त्वे वैध ठरवली आणि त्यांना आव्हान देणाऱ्या उपाहारगृहांच्या दोन संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंडात्मक खर्च भरण्याचा आदेश दिला. या निर्णयाविरुद्ध संघटना खंडपीठाकडे गेल्या. ऑगस्ट २०२५ मधील सुनावणीत खंडपीठाने असा प्रश्न विचारला, की वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे शंभर रुपये घेताना वातावरणाची किंमत वसूल झालीच असेल, तर त्यावर पुन्हा सेवा शुल्क कशासाठी? छापील किमतीपेक्षा अधिक दराने पाणी विकण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल व उपाहारगृहांना दिली, तीही याच युक्तिवादावर : तेथे ग्राहक नुसते पाणी घेत नाही, बसण्याची जागा आणि सेवाही घेतो. म्हणजे खुर्चीची किंमत असते, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. ती एकाच बिलात किती वेळा घ्यायची, हा वादाचा मुद्दा आहे.

व्यवहारात हा वाद टेबलावर सुटत नाही. मुलाने किंवा मुलीने पहिल्यांदा आई-वडिलांना जेवायला नेलेले असते. बिल कोणी द्यायचे यावरून आधीच बाप-लेकांत ओढाताण झालेली असते. अशा वेळी वेटरला बोलावून सेवा शुल्क काढायला सांगणे म्हणजे आपल्याला परवडत नाही अशी कबुली देणे, असे अनेकांना वाटते. उपाहारगृहे याच संकोचावर विसंबून असतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. परंतु आई समोर बसलेली असताना तो क्रमांक फिरवणारे विरळाच.

कराच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा बिनवातानुकूलित उपाहारगृहांना १२ टक्के आणि वातानुकूलितांना १८ टक्के दर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक सर्वांसाठी तो सरसकट पाच टक्के करण्यात आला. ग्राहकाच्या दृष्टीने हा दिलासा होता. मात्र त्याबरोबर उपाहारगृहांना खरेदीवर व भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळणे बंद झाले. व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर आहे. ज्या उपाहारगृहाकडे जागा अधिक, त्याचा हा बुडीत कर अधिक. तो अर्थातच पदार्थांच्या दरात शिरतो. काउंटरवरून पार्सल देणाऱ्या दुकानाला याची झळ कमी बसते, प्रशस्त बैठक देणाऱ्याला जास्त. दुसरीकडे, वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेली आणि कंपोझिशन योजनेत नोंदलेली लहान उपाहारगृहे ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाहीत. त्यांच्या बिलावर तसे नमूद करणे बंधनकारक आहे. तरीही अशा ठिकाणी बिलात पाच टक्के जोडलेले दिसले, तर ते विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

‘दोघांसाठी’ची मोजपट्टी

बहुतेक तरुण आता उपाहारगृह मोबाइलवर शोधतात. २००८ साली दिल्लीत ‘फूडीबे’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘झोमॅटो’ झालेल्या संकेतस्थळाने मेनूकार्डे लोकांसमोर आणली, हे त्याचे श्रेय आहे. दर आधीच कळू लागल्याने आत शिरून, दर पाहून, ओशाळून बाहेर पडण्याची वेळ टळली. मात्र या शोधाची मोजपट्टी ‘दोघांसाठी खर्च’ अशी आहे. ती जोडप्यांना आणि मित्रांना सोयीची आहे. पाच जणांच्या कुटुंबाचा खर्च दोघांच्या खर्चाच्या अडीचपट नसतो. आजी अर्धी पोळी खाते, मूल आईच्या ताटातले खाते, वडील चहावर भागवतात. अमर्याद थाळीच्या ठिकाणी मात्र या तिघांचेही पूर्ण पैसे मोजावे लागतात. एकेक पदार्थ मागवून वाटून घेता येतो असे साधे उपाहारगृह अशा कुटुंबाला थाळीपेक्षा स्वस्त पडते. पण ते मोबाइलच्या यादीत वर येत नाही.

‘वातावरण’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. त्याला मिळणारे तारे छायाचित्रांवर ठरतात. जिना किती पायऱ्यांचा आहे, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, पंख्याखालची जागा मागता येते का, जेवण झाल्यावर किती वेळ बसू देतात, याची नोंद क्वचितच आढळते. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे. त्याने खोट्या अभिप्रायांना काही आळा बसेल, परंतु न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळणार नाहीत.

जिन्याचा प्रश्न केवळ गुडघ्यांचा नाही. दिल्लीने १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहाची आग पाहिली. दुपारच्या खेळाला सहकुटुंब आलेल्यांपैकी ५९ जण तेथे मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये करोल बागेतील अर्पित पॅलेस हॉटेलच्या आगीत १७ बळी गेले. १५ जून २०२३ रोजी मुखर्जी नगरमधील एका शिकवणी वर्गाच्या इमारतीला आग लागली तेव्हा विद्यार्थी दोराला धरून खिडक्यांतून उतरले. ती दृश्ये महाराष्ट्रातील अनेक घरांनी जीव मुठीत धरून पाहिली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जण दगावले. दिल्लीत पन्नासहून अधिक आसनांच्या उपाहारगृहांना अग्निशमन विभागाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. त्यामुळे कागदोपत्री आसने पन्नासच्या आत दाखवण्याकडे कल राहिला. एकच अरुंद जिना असलेले, गच्चीवर ताडपत्री बांधलेले आणि पडद्यांनी सजवलेले ठिकाण छायाचित्रात कितीही लोभस दिसले, तरी त्याच्या स्वस्ताईत कशाकशाची काटकसर झाली आहे हे पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्याने वर चढण्यापूर्वी पाहिलेले बरे.

भवनांच्या कॅन्टीनचा आधार

दिल्लीच्या या पेचावर एक खास दिल्लीचे उत्तर आहे, ते म्हणजे राज्यांच्या भवनांतील उपाहारगृहे. इंडिया गेटजवळच्या अशोक रोडवरील आंध्र भवनाचे कॅन्टीन हे त्यांतील सर्वांत गाजलेले. कूपन घ्यायचे, नावाचा पुकारा होईपर्यंत थांबायचे, मग अनोळखी माणसांशेजारी जिथे जागा मिळेल तिथे बसायचे. भात, पप्पू, सांबार, पुरी आणि पूड-तूप पुन्हा पुन्हा वाढले जाते. सजावट शून्य, गोंगाट भरपूर. तरीही मंत्रालयातील सचिव, वकील, चालक आणि बिऱ्हाडासह आलेले कुटुंब एकाच रांगेत बसते. दिल्लीसारख्या अधिकारांच्या उतरंडीवर चालणाऱ्या शहरात हे दृश्य दुर्मिळ आहे आणि तेथील खरे वातावरण हेच आहे. हिंदूराव परिसरातून तेथे पोहोचण्यासाठी विश्वविद्यालय स्थानकावरून पिवळी मार्गिका धरून शहराच्या मध्यभागी उतरावे लागते. रविवारी रांगेची तयारी ठेवावी लागते.

मराठी कुटुंबांची पावले साहजिकच महाराष्ट्र सदनाकडे वळतात. कोपर्निकस मार्गावर जुने सदन आहे आणि कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली उद्घाटन झालेले नवे. दिल्लीत मिसळ, साबुदाणा वडा किंवा पुरणपोळी हमखास मिळण्याच्या मोजक्या ठिकाणांत त्यांची गणना होते. महिनाभर राजमा-चावल खाऊन कंटाळलेल्या विद्यार्थ्याला आई-वडिलांपेक्षा आपल्यालाच तेथे जायचे असते, असेही दिसते. मात्र या सदनाच्या स्वयंपाकघराला एका लाजिरवाण्या प्रसंगाचा इतिहास आहे. जुलै २०१४ मध्ये महाराष्ट्रीय पदार्थ मिळत नाहीत व जेवण निकृष्ट आहे अशी तक्रार करत शिवसेनेच्या काही खासदारांनी तेथे गोंधळ घातला आणि रोजा असलेल्या एका पर्यवेक्षकाच्या तोंडात चपाती कोंबण्याचा प्रयत्न झाला. त्याचे पडसाद संसदेत उमटले. खानपान सेवा पुरवणाऱ्या आयआरसीटीसीने काम थांबवले. जेवणाची तक्रार खरी असू शकते. एका कर्मचाऱ्याच्या अप्रतिष्ठेने ती कोणत्याही अर्थाने मांडली गेली नाही. त्या गदारोळात खासदारांच्या ताटाची चर्चा झाली. बाहेरून येणाऱ्या सामान्य मराठी माणसाला तेथे किती सुलभपणे बसता येते, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही. भवने मुळात मंत्री, अधिकारी आणि निवासी पाहुणे यांच्यासाठी आहेत. सुरक्षा तपासणी, ठरावीक वेळा आणि महत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे यांमुळे बाहेरच्यांचा प्रवेश हा हक्क नसून सोय आहे आणि ती कोणत्याही दिवशी आखडली जाऊ शकते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५४ नंतर प्रथमच दिल्लीत भरलेल्या या संमेलनाला महाराष्ट्रातून आलेल्या रसिकांसमोर दिल्लीतील मुक्काम व जेवणाचा प्रश्न उभा होताच. मंडपात भोजनाची व्यवस्था असते. ती तीन दिवसांची. पहाडगंजचे बृहन्महाराष्ट्र भवन आणि तेथील मराठी संस्था वर्षानुवर्षे दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाचा हात धरत आल्या आहेत. परंतु त्यांचा आवाका मर्यादित आहे आणि उत्तर दिल्लीच्या टोकाला राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांची माहितीही अनेकदा नसते.

स्वस्तात बसू देणारी दुसरी परंपरा सहकाराची. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा बेकार होऊ घातलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था स्थापन केल्या आणि १९५७ पासून इंडियन कॉफी हाऊस त्यांच्या मालकीने चालू लागले. दिल्लीत कनॉट प्लेसमधील कॉफी हाऊस राजकीय गप्पांचा अड्डा होते. आणीबाणीच्या काळात ते पाडण्यात आले. त्यानंतर बाबा खडकसिंग मार्गावरील मोहनसिंग प्लेसमध्ये त्याचे बस्तान बसले. फेटेवाले वेटर, माकडांचा वावर असलेली प्रशस्त गच्ची आणि एका कॉफीवर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही, ही त्याची ओळख आहे. खाद्यपदार्थ सामान्य आहेत, खुर्च्या जुन्या आहेत आणि ते बंद पडणार अशा बातम्या अधूनमधून येत असतात. तरीही पाच जणांना कमी पैशात भरपूर वेळ देणारी जागा म्हणून त्याला आजही तोड नाही. महाराष्ट्रात गिरणी कामगारांच्या खानावळींनी आणि त्या चालवणाऱ्या बायकांना १९७५ साली संघटित करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने जे काम केले, त्याचे नाते याच परंपरेशी आहे. पंगतीला बसलेल्या माणसाकडे तेथे केवळ गिऱ्हाईक म्हणून पाहिले जात नसे.

दिल्लीत लंगरही आहे. बंगला साहिब, सीसगंज किंवा हिंदूराव परिसराला जवळचा मजनू का टिला गुरुद्वारा, कुठेही जावे, स्वच्छता आणि आदर यांत उणे काढायला जागा नसते. परंतु आई-वडिलांना आपल्या कमाईतून जेवू घालण्याची मुलांची हौस लंगरात भागत नाही. ती हौस हा या सगळ्या शोधाचा गाभा असल्याने विनामूल्य जेवण हा त्यावरचा पर्याय होऊ शकत नाही.

ताटे मोजली, बाके नाहीत

शासनाने या प्रश्नाकडे आजवर भुकेच्या बाजूनेच पाहिले. महाराष्ट्रात १९९५ नंतर एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रे निघाली, जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दिल्ली सरकारने मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात शंभर अटल कॅन्टीनसाठी शंभर कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. गरिबाच्या पोटात दोन घास जावेत हा हेतू स्तुत्यच आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण या सर्व योजनांचे यश रोज किती थाळ्या गेल्या यावर मोजले जाते. थाळ्या मोजायच्या म्हटल्या की माणूस लवकर उठलेला बरा असतो. महिना पंधरा-वीस हजारांत भागवणारे, भुकेले नसलेले पण महिन्यातून एकदा सहकुटुंब नीट बसून जेवू इच्छिणारे लोक या मोजणीत कुठेच येत नाहीत. बाजारपेठेला ते किफायतशीर वाटत नाहीत, शासनाला ते गरजू वाटत नाहीत.

परवान्यांच्या बाजूने मात्र काही हालचाल झाली आहे. जून २०२५ मध्ये दिल्लीच्या उपराज्यपालांनी हॉटेल व उपाहारगृहांसह सात प्रकारच्या व्यवसायांना परवाने देण्याचा दिल्ली पोलिसांचा अधिकार काढून तो स्थानिक संस्था व संबंधित विभागांकडे सोपवला. लहान उपाहारगृह काढू पाहणाऱ्याची एक फेरी त्यामुळे वाचेल. त्याचा परिणाम दरांवर होईल की नाही, हे भाड्यावर अवलंबून राहील आणि भाडे कमी होण्याची चिन्हे दिल्लीत कोठेही नाहीत.

हिंदूरावपुरते पाहायचे तर एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मे २०२२ मध्ये तिन्ही महापालिकांचे विलीनीकरण झाल्यापासून दिल्ली महापालिका हीच या रुग्णालयाची मालक आहे आणि उपाहारगृहांना आरोग्य परवाना देणारी यंत्रणाही तीच आहे. रुग्णालयाचे आवार रिजच्या झाडीत पसरलेले आहे. फिरोजशाह तुघलकाच्या काळातील पीर गायब ही वास्तू त्याच आवारात उभी आहे आणि अशोकस्तंभ तेथून जवळच आहे. सावली, झुळूक आणि इतिहास असे ‘वातावरण’ हडसन लेनच्या कोणत्याही कॅफेला पैसे मोजून विकत घेता येणार नाही. तेथे सहकारी तत्त्वावर पन्नास-साठ आसनांचे, तळमजल्यावरचे, रास्त दराचे उपाहारगृह उभारायला महापालिकेला जागा शोधावी लागणार नाही आणि भाडेही द्यावे लागणार नाही. तोवर गावाहून आलेली कुटुंबे थंडीच्या दिवसांत हवा बरी असेल तेव्हा कमला नेहरू रिजच्या बाकांवर, माकडांवर एक डोळा ठेवून, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडून बसलेली दिसतात. हवा बिघडली की तोही पर्याय उरत नाही.